झिपऱ्याचा उपवास

चंपाषष्ठीला भर दुपारी झिपऱ्यानं नैवेद्याच्या ताटाकडे पाठ फिरवली आणि बायडाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

ही एकोणीसशे चौतीस-पस्तीस सालची गोष्ट. नाशकात तेव्हा गंगेपलीकडे, म्हणजे गोदावरीच्या पल्याड, मखमलाबादच्या वाटेला लागलं की दोन्ही अंगांना मळेच मळे असत. मार्गशीर्षात तिकडून ओल्या मेथीचा आणि कांद्याच्या पातीचा असा वास यायचा की पोट भरलेल्या माणसालाही भूक लागावी. त्या वाटेवर आठ घरांची एक गल्ली होती आणि गल्लीतलं शेवटचं घर भिमाजींचं. घरात भिमाजी, त्यांची बायको बायडाबाई आणि सून मैना. मुलगा मोतीराम मनमाडला रेल्वेत होता. शनिवारच्या गाडीनं यायचा, सोमवारी पहाटे परत जायचा.

मैना सटाण्याकडची. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि तिची बोली बरीचशी नाशिकची झाली होती. पण घाईत किंवा रागात असली की मधेच 'त्याचं'ऐवजी माहेरचं 'त्यानं' आणि 'आहे'ऐवजी 'शे' निसटायचं. मग बायडाबाई म्हणायच्या, "आली बाई सटाण्याची बैलगाडी!"

घरचं दैवत खंडोबा. त्याच्या नवरात्राचे पहिले पाच दिवस बायडाबाई एकदाच जेवायच्या आणि सहाव्या दिवशी नैवेद्य होईपर्यंत पाणीसुद्धा बेतानं घ्यायच्या. त्या दिवशी बाजरीचे रोडगे, वांग्याचं भरीत, पातीचा कांदा असं ताट वाढायचं, देवाला दाखवायचं आणि मग आधी कुत्र्यापुढे ठेवायचं. कुत्रं खंडोबाच्या बरोबरचं. त्यानं तोंड लावल्याशिवाय घरातल्या कुणी घास घ्यायचा नाही. सव्वीस वर्षं हे बिनचूक चाललं होतं. झिपऱ्या आल्यापासून तर बायडाबाईंना त्याचा फार अभिमान. "दुसऱ्याच्या दारातलं तो हुंगतदेखील नाही. माझ्याच हातचं लागतं त्याला," असं त्या विहिरीवर सगळ्यांना ऐकवायच्या.

आणि आज तोच झिपऱ्या ताट हुंगून, मान वळवून, न्हाणीच्या दगडामागं जाऊन बसला.

"तूप घाल गं थोडं," बायडाबाई म्हणाल्या. तूप घातलं. झिपऱ्या उठला, कुंपणाजवळचं गवत खाल्लं आणि पिवळा फेस ओकला. मग मागच्या पायांवर बसून त्यानं जे केलं ते नैवेद्याच्या दिवशी सांगण्यासारखं नाही.

"देव रुसला," बायडाबाई खालीच बसल्या. "माझं कुठंतरी चुकलं."

मैनानं पदर खोचला आणि झिपऱ्याजवळ बसली. तिच्या माहेरी मेंढरं होती, मेंढरांमागं चार कुत्री होती, आणि त्यांची दुखणी काढायला वडलांनंतर तीच असायची. तिनं झिपऱ्याचा ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. लालसर होत्या. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच जागेवर गेली, म्हणजे अंगातलं पाणी अजून आटलं नव्हतं. घाणीत रक्त नव्हतं. पोटाला कान लावला तर आत जात्यासारखी घरघर चालली होती.

"देव कशाला रुसतो? त्यानं पोट बिघडेल शे."

"आली गाडी," भिमाजी ओट्यावरून म्हणाले. त्यांना भूक लागली होती.

"तुम्ही गप्प बसा," बायडाबाई नवऱ्यावर कडाडल्या. "हा खाईल तेव्हाच मी खाईन. उद्या खाईल तर उद्या, परवा खाईल तर परवा."

"आणि मी गं?"

"तुम्ही जेवा. व्रत माझं आहे."

भिमाजींनी दोनदा नको नको म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून चार रोडगे खाल्ले.

मैना मात्र मनात हिशेब करत होती. झिपऱ्याची तिला काळजी नव्हती, तो बरा होणार होता. काळजी सासूची होती. साठीची बाई, पाच दिवस एकवेळची जेवणारी, आज सकाळपासून कोरडी. उठताना तिनं दाराची चौकट धरली ते मैनानं पाहिलं होतं. कुत्र्याच्या पोटाला सकाळपर्यंत तरी आराम हवाच होता. पण सासू मध्येच कोसळली तर सगळी गल्ली म्हणणार, सुनेनं नैवेद्याचं ताट उचललं म्हणून झालं.

तरी तिनं ताट उचललंच. कारण तेवढ्यात बायडाबाई हिंग घातलेलं ताक घेऊन आल्या होत्या आणि झिपऱ्याचा जबडा उघडून आत ओततही होत्या. पुढच्या क्षणी ते सगळं त्यांच्या लुगड्यावर आलं.

"आता पुरे," मैना म्हणाली. "सकाळपर्यंत त्याला कुणी काही द्यायचं नाही. ताक नाही, तूप नाही, प्रसाद नाही. नुसतं पाणी, तेही वाटीभर नाही, दोन दोन घोट."

"उपाशी मारतेस त्याला?"

"पोटाला विसावा देते. अहो आत्याबाई, चुलीत राख गच्च भरली असली तर आपण वर लाकडं रचतो का? आधी राख काढतो."

शेजारची अक्काबाई कुंपणावरून बघत होती. "डाग द्या पोटावर. आमच्या गावाकडं असंच करतात."

"खंडोबाच्या कुत्र्याला डाग? तुझ्या जिभेला दे!" बायडाबाई म्हणाल्या, आणि अक्काबाई फणकाऱ्यानं आत गेली.

पण इतकं बिघडलं कशानं, हे मैनाला उमगत नव्हतं. घरचं खाणं तर रोजचंच होतं. ते सांगितलं हाजराबीनं. समोरच्या रहेमान कल्हईवाल्याची ती बायको. सणासाठी गल्लीभरची भांडी त्यांच्याकडे आलेली, म्हणून सहा दिवस ती दारातच वाळूनं भांडी घासत बसलेली होती.

"अगं मैना," हात न थांबवता ती ओरडली, "त्याला काय झालं ते मला विचार ना! आठ दिवसांचं एका दिवसात खातो तो. पहिल्या घरी त्याला काळ्या म्हणतात, तिथं खातो. बहिरूच्या घरी राजा म्हणतात, तिथं खातो. अक्काबाईनं तर आज भरताचा हा एवढा गोळा घातला, वर कांदा. सहा दिवस बघते मी. आमचं एक सोडून सगळ्या घरांचा पाहुणा आहे तो!"

गल्लीत तेच एक कुत्रं होतं आणि हाजराबीचं सोडून प्रत्येक घरी खंडोबा होता. आपल्याच ताटाचा मान त्यानं घेतला, असं प्रत्येक बाईला वाटत होतं.

बायडाबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चेहरा पडला होता, पण हार मानतील तर त्या बायडाबाई कसल्या. "खात असेल. पण आधी माझ्या ताटाला तोंड लावतो."

"आधी कुठलं बायडाबाई," हाजराबी हसत म्हणाली, "शेवटी! तुमचं घरच शेवटचं आहे."

बायडाबाई वळून आत गेल्या आणि देवापुढे भिंतीला टेकून बसल्या. मैना त्यांच्यापाशी गेली. त्यांचे पाय गार पडले होते. सासूच्या खांद्यावर तिनं घोंगडी टाकली.

"आत्याबाई, एक सांगू? सहा घरं जेवून आल्यावर कुठल्या पाहुण्याला सातव्या घरी घास उतरतो? पण रोज तो तुमच्या ताटाशी येतो आणि खातो. पोटात जागा नसताना खातो. तुमचं मन मोडवत नाही त्याला. आज अगदीच जमलं नाही, एवढंच."

बायडाबाईंनी घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली. मग पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "लबाड आहे मेला."

"आहेच. आता देवाचं कुत्रं उपास करतंय, तर त्याच्या जोडीनं तुमचाही राहू द्या. पण तो पाणी पितोय, तुम्हीही प्यायचं. तो सोडेल तेव्हा, तो जे खाईल त्यानंच तुम्ही सोडायचं. देवाला चालेल की नाही?"

बायडाबाईंनी देवाच्या टाकाकडे पाहिलं. भंडाऱ्यानं पिवळा झालेला खंडोबा काही बोलला नाही. "चालेल," त्या म्हणाल्या, आणि मैनानं पुढे केलेला तांब्या तोंडाला लावला.

संध्याकाळपर्यंत झिपऱ्याचं ओकणं थांबलं. चुलीजवळच्या गोणपाटावर तो झोपला. सासू-सुना आळीपाळीनं त्याला वाटीतून पाणी पाजत होत्या, आणि प्रत्येक वेळी मैना दुसरी वाटी सासूपुढे धरत होती.

उजाडताच मैनानं जुन्या तांदळाची पेज चढवली. गिचका होईपर्यंत शिजवली आणि ताटात ओतून निववली. झिपऱ्या उठला. पुढचे पाय ताणून त्यानं आळस दिला. नाक ओलं होतं. पेज हुंगली. बायडाबाईंनी हात जोडले. त्यानं एकदा जीभ लावली, थांबला, आणि मग लपालपा चाटून ताट स्वच्छ केलं.

"येळकोट येळकोट जय मल्हार!" बायडाबाई एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की भिमाजी दचकून उठले. त्या लगेच पातेल्याकडे वळल्या. "अजून घाल त्याला. बघ कसा बघतोय."

"बघू दे. दोन तासांनी परत एवढीच, आणि उद्यापर्यंत हेच." मैनानं पातेलं उचलून सासूच्या पुढ्यात ठेवलं. "ही तुमची."

बायडाबाईंनी घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "मीठ?"

"त्याला घातलं नाही."

"बरोबर आहे," बायडाबाई म्हणाल्या, आणि बिनमिठाची पेज दोन वाट्या प्याल्या. तिसरी मागितली तेव्हा त्यांच्या गालांवर रंग आला होता. मैना कालपासून पहिल्यांदा भिंतीला टेकून बसली.

तेवढ्यात झिपऱ्या उठला, दार ओलांडलं आणि डुलत डुलत अक्काबाईच्या अंगणाकडे निघाला. तिथं कालच्या भरताची कढई घासायला ठेवलेली होती.

बायडाबाई वाटी हातात घेऊनच ओट्यावर धावल्या.

"अक्का! ए अक्का! काही घालू नकोस त्याला! त्यानं पोट बिघडेल शे!"