बादलीवाल्याने बायकोसाठी केलेलं भांडं

आमच्या लॅबमध्ये चोवीस तासांची लघवी आणणारे लोक कॅन पिशवीत लपवून आणतात. बादलीवाला मात्र तो छातीशी धरून आला. लघवी त्याच्या बायकोची. तिच्या यकृतात तांबं साठतं, ते अडवायला रोज जस्ताच्या गोळ्या. त्या सुटल्या की आधी हात थरथरतात, पुढे यकृत निकामी होतं. लघवीत पुरेसं जस्त उतरलं, की गोळ्या पोटात जाताहेत असं समजायचं.

आकडा बघून मी मशीनवरच डाफरले. एवढं जस्त माणसात नसतं, छपराच्या पत्र्यात असतं. पुन्हा तपासलं, तेच. हा रिपोर्ट गेला असता तर डॉक्टरांनी तिच्या गोळ्या कमी केल्या असत्या. मी दोघांना बोलावून घेतलं.

"लघवी थेट या कॅनमध्येच धरली ना?"

बायको भिंतीकडे बघायला लागली. बादलीवाला खुलला.

"छे हो ताई. याचं तोंड एवढंसं, हिचे गुडघे दुखतात. मी खास भांडं केलं. पसरट, कड आत वळवलेली, कुठं बोचायला नको. त्यात धरायची, यात ओतायची."

"कशाचं केलं?"

"बादलीचाच पत्रा. वर जस्ताचा मुलामा, गंजायची चिंता नाही."

मी कपाळावर हात मारला; मुलाम्याचं जस्तच लघवीत उतरलं होतं. पण रागवायचं कुणावर? जन्मभर बादल्या केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? खरं सांगायचं तर हेवाच वाटला. आमच्या घरच्या साहेबांनी मला कधी चहाची गाळणीसुद्धा आणून दिलेली नाही.

रुंद तोंडाचं प्लास्टिकचं भांडं देऊन पुन्हा चोवीस तासांची लघवी मागवली. या वेळी जस्त जवळजवळ नव्हतंच. दोघं आले तेव्हा त्याला बाहेर बसवून मी तिला आत घेतलं.

"गोळ्या घेत नाही तुम्ही."

"सकाळची उपाशीपोटी घेतली की उलटी होते," ती म्हणाली. "मग बाकीच्याही नको वाटतात. बेसिनमध्ये सोडते. ह्यांना सांगू नका. पहाटे उठून पाणी कोमट करतात, गोळी हातावर ठेवतात. त्यांचं तोंड उतरलेलं मला बघवत नाही."

"आणि बोटं थरथरतात ती?"

"थंडी वाजते, असं त्यांना सांगते."

दार नीट लागलं नव्हतं. बादलीवाला आत येऊन तिच्या शेजारी बसला.

"उलटी होते तर होऊ दे की," तो म्हणाला. "मी धरेन. माझ्यापुढे कसली लाज?"

मी डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं. ते म्हणाले, पहिली गोळी नाश्त्यानंतर, अकराच्या सुमाराला घेऊन बघा, मळमळ कमी होईल.

"त्या वेळी तुम्ही दुकानात असता," ती त्याला म्हणाली.

"दुकान थांबेल," तो म्हणाला. "तू नसलीस तर मला ते उघडायचंच नाही."