जास्तीची थंडी

फ्रीझरमधून काढलेल्या आइसपॅकवर पिठासारखा हिमाचा पातळ थर असतो. पॅक टेबलावर ठेवला की तो थर कडांकडून विरत जातो आणि मग पॅकला घाम फुटल्यासारखे बारीक थेंब येतात. पॅक कानाशी धरून हलवला की आत पाणी डुचमळतं. ते डुचमळणं ऐकू आलं, की पॅक माझ्या पोटात ठेवायला हरकत नसते. त्याआधी असते.

मित्रांनो, मी दवाखान्यातली लसपेटी आहे. निळी, चौकोनी आणि आता बरीच जुनी. कारखान्यात माझ्या दोन भिंतींच्या मधे गरम फेस ओतला गेला. तो फुगून घट्ट बसला आणि तेव्हापासून बाहेरचं ऊन बाहेर आणि आतला गारवा आत ठेवणं हेच माझं काम झालं. चार बाजूंना चार आइसपॅक, मधे लसीच्या बाटल्या, वर झाकण.

दवाखान्यात आले तेव्हा मला किती जपायचे! सिस्टर मला रोज पुसून उन्हात उलटी ठेवायची. नर्सच्या जागा दोन होत्या, पण एक कायम रिकामी. त्यामुळे बाळंतपणं, बाळांची वजनं, तापाच्या गोळ्या आणि लसी, सगळं या एकटीच्या गळ्यात. ती मला खांद्याला लावून गल्लीत शिरली, की पोरं ओरडायची, "आइस्क्रीमवाली आली!" आणि झाकण उघडताच धूम ठोकायची. ती हसायची.

पुढे माझा पट्टा तुटला, तिथे गाठ बसली. माझ्यावर बसून लोक चहा प्यायले. कोणी कोणी तर माझ्या पोटात सरबताची बाटली गार केली. मला वाईट वाटलं, पण भीती वाटली नाही.

भीती मला वेगळीच होती. सगळ्यांना वाटतं, लसपेटीनं उन्हाला भ्यावं. पण उन्हाचा चटका माणसांनाही बसतो, म्हणून ती मला आपणहून सावलीत ठेवतात. जास्तीची थंडी कोणाच्या लक्षात येत नाही. काही लसी एकदा गोठल्या की निकामी होतात. नंतर वितळल्या तरी त्यांचं बळ परत येत नाही. वरवर बघणाऱ्याला मात्र त्या पूर्वीसारख्याच दिसतात.

वस्तीच्या टोकाला एक गल्ली होती. तिथल्या एका बाळाचा पाय लस दिल्यावर सुजला. दोन दिवसांत सूज उतरली, पण गल्लीनं दारं लावून घेतली ती लावूनच घेतली. सिस्टर उंबऱ्याउंबऱ्यावर उभी राहिली, टोमणे ऐकले, पुन्हा गेली. मग गल्लीत डांग्या खोकला शिरला. शेवटी जिच्या शब्दाबाहेर गल्ली जात नसे, ती आत्या म्हणाली, "या एकदा. पण काही वेडंवाकडं झालं, तर पुन्हा तोंड दाखवू नका."

त्या सकाळी एका बाईचं बाळंतपण लांबलं. सिस्टर हात धुऊन आली तेव्हा बाहेर गाडी हॉर्न वाजवत होती. "सिस्टर, मला अजून तीन ठिकाणी जायचंय!" ड्रायव्हर ओरडला. तिनं फ्रीझर उघडला, टणक पॅक काढले आणि तसेच माझ्यात बसवले. मला ओरडावंसं वाटलं. पण मित्रांनो, पेटीला झाकण असतं, तोंड नसतं. वाटभर माझ्या पोटात थंडी घट्ट होत गेली आणि मी बाटल्यांसाठी भीत राहिले.

गल्लीत सतरंजी अंथरली होती. आया बाळांना घेऊन बसल्या होत्या. सिस्टरनं झाकण उघडलं, पहिली बाटली उचलली आणि तिचा हात थांबला. काचेला आतून बर्फाचे बारीक कण चिकटले होते. तिनं बाटली मुठीत धरली. थोड्याच वेळात कण विरघळले.

सोबतच्या मदतनीस काकू कानाशी लागल्या. "वितळलं की आता. कोणाला कळणार आहे?"

"कोणालाच नाही," सिस्टर पुटपुटली. "त्याचीच भीती वाटते, काकू."

"आज परत पाठवलंत तर ही दारं पुन्हा उघडायची नाहीत. देऊन टाका. नंतर बघू काय ते."

तिनं दुसरी बाटली काढली. तीही तशीच. आत्या कंबरेवर हात ठेवून उभी होती. "काय हो सिस्टर, लस देताय की बाटल्यांची नजर काढताय?" बायका हसल्या.

"जरा थांबा," सिस्टर म्हणाली. तिनं उगाच कापूस नीट केला, पुन्हा एकदा "जरा थांबा" म्हणाली.

आत्यानं खाली बसून आपल्या भावाचं तान्हं नातवंड मांडीवर घेतलं. मागच्या घरात त्याची मोठी बहीण खोकायला लागली. खोकला थांबेचना. श्वास घ्यायलाही उसंत नव्हती. मग शिट्टीसारखा एक लांब श्वास आत ओढला गेला आणि सतरंजीवरचं हसू विरलं. आया बाळांना पोटाशी धरून बसल्या.

मित्रांनो, तुमच्या दारी अशी पेटी घेऊन कोणी सिस्टर आली, तर तिला घाई करू नका. आणि तिच्या खांद्यावरचं ओझं वाटून घ्यायला आणखी एक खांदा मागा, मोठ्यानं मागा. घाईत भरलेली पेटी बाहेरून अगदी शहाणी दिसते. आत काय बिघडलं ते मलाच ठाऊक असतं, आणि मला बोलता येत नाही.

आत्यानं बाळाचं दुपटं बाजूला केलं. "घ्या, टोचा आता. मी धरलंय घट्ट. या पोरीसारखं याचं नको व्हायला."

बाळ सिस्टरकडे बघत होतं. तिनं सुई उचलली नाही. मूठ उघडून बाटली माझ्या झाकणावर ठेवली.

"आत्या, त्याचा पाय झाकून घ्या," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शेवटच्या दारापर्यंत पोचत होता. "ही लस गोठली होती, आता ती काही कामाची नाही. पेटी मी भरली, घाईत भरली, चूक माझी आहे. यातली एकही सुई मी तुमच्या बाळांना देणार नाही."