माझ्या नातीनं पंखा बंद केला

आमच्या घरात माझ्यावर आवाज काढायची कुणाची टाप न्हवती. हुपरीत अख्ख्या गल्लीला म्हाईत हाय, चन्नाप्पा बोलायला लागला की कारखान्यातली ठोकाठोक थांबती. कारखाना म्हंजे काय, पुढच्या सोप्यात चार माणसं बसून चांदीची पैंजणं करत्यात, त्याला आम्ही कारखाना म्हणतो. मी ओरडायचो, माणसं ऐकायची, आन् माझी बायको रत्नव्वा आत बसून हसायची. झ्याक चाललं हुतं. मग माझी नात शिवांजली नववीत गेली आन् सगळं बिघडलं.

शिवांजली माझ्या पोराची एकुलती एक पोरगी. मी तिला शिवा म्हणतो. म्हातारा नातीचं कौतुक सांगत बसलाय असं म्हणाल, तर व्हय, सांगतोय. ज्याला ऐकायचं न्हाय त्यानं खुशाल उठून जावं.

झालं असं, की तिच्या शाळेत विज्ञानाला क्रांती मॅडम हायत, कोडोलीच्या. शेतकऱ्याची पोरगी, बोलायला फटकळ. त्यांनी वर्गात अवयवदान शिकवलं. किडनी, हृदय असलं काय बाय मेंदू मेलेल्या माणसाचं दवाखान्यातच घेता येतं. डोळ्यांचं मातूर तसं न्हाय. घरात मेलेल्या माणसाचं डोळंबी चालत्यात, फकस्त सहा तासांच्या आत काढाय पायजेत. एवढं सांगून बाई थांबल्या असत्या तर माझं काय जात न्हवतं. पण त्यांनी पोरांना काम लावलं. घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, तुमचं ह्यात मत काय. शिकवायचं न्हाय, भांडायचं न्हाय. माणूस जसं बोललं तसंच्या तसं वर्गात येऊन सांगायचं.

मी पैंजणाला घुंगरं लावत हुतो, तवा ही माझ्यापुढं येऊन बसली.

"अज्जा, मेल्यावर डोळं देशील का?"

"तुझ्या मॅडमला दुसरा धंदा न्हाय व्हय गं?"

"मत सांग की. मला उद्या वर्गात सांगायचं हाय."

मग सांगितलं. म्हणलं, पोरी, आपण लिंगायत. आपल्यात माणसाला जाळत न्हाईत. मांडी घालून बसवत्यात, आन् बसल्या जागी समाधी देत्यात. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवत्यात. जन्मभर ज्याची पूजा केली ते डोळ्यापुढं धरून माणूस जातो. आता डोळंच काढून दिलं, तर लिंग बघायचं कशानं? जा, विचार जा तुझ्या मॅडमला.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला ती धुमसतच घरात आली. दप्तर एका कोपऱ्यात, आपण एका कोपऱ्यात. मग रत्नव्वानं तिला भडंग दिलं, आन् भडंग खात खात तिनं सगळ्या वर्गाच्या नकला करून दाखवल्या. मोना नावाची पोरगी म्हणली, "मॅडम, आमच्या आजीनं लाटणंच फेकून मारलं, तिन्हीसांजचं अभद्र बोलतीस म्हणून." कुणाचा तरी आजा म्हणला, पुढच्या जन्मी आंधळा जन्माला येईन. दुसऱ्याचा म्हणला, माणूस जिता असतानाच डॉक्टर काढून घेत्यात. तालमीत जाणारा विजयसिंह म्हणून पोरगा हाय, त्यानं आजाला विचारलंच न्हाय. म्हणला, "मॅडम, माझंच मत घ्या. माझं सगळं देऊन टाका, फक्त केस सोडून." मॅडमनी एकेकाला बरोबर उत्तर दिलं. शेवटी शिवानं माझा प्रश्न सांगितला. वर्ग फिदीफिदी हसला.

"मग तू गं?" मी विचारलं.

"मी म्हणलं, माझ्या अज्जाच्या प्रश्नाला हसायचं काम न्हाय. उत्तर असलं तर द्या, न्हायतर गप बसा."

"आन् मॅडम?"

"मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणल्या, शिवांजली, ह्याचं उत्तर माझ्याजवळ न्हाय, आन् पुस्तकातबी न्हाय. तूच शोध, आन् मला येऊन शिकव."

आता बगा! बी.एस्सी., बी.एड. झालेली बाई माझ्या प्रश्नात अडकली! माझी छाती अशी फुगली म्हणता. चहाच्या गाड्यावर सांगितलं, चांदीच्या दुकानात सांगितलं, धाकटा भाऊ श्रीशैल शेजारच्या गल्लीत ऱ्हातो, त्याच्या घरी जाऊन मुद्दाम सांगितलं. आठ दिवसांत हुपरीतली निम्मी माणसं तोच प्रश्न एकमेकांना विचारायला लागली. रत्नव्वा मातूर म्हणली, "अवो, प्रश्न टाकून कुणी शहाणा होत न्हाय. उत्तर हुडकायला पोरगी निघालीया, तिचं कौतुक करा."

पोरगी खरंच निघालती. एकटी मठात गेली. आमच्यात जन्मापास्नं मरणापर्यंतच्या सगळ्या क्रिया शिवशरण अय्या करत्यात. त्यांना शरणार्थ, म्हंजे आमच्यातला नमस्कार, घालून तिनं सरळ विचारलं, डोळं दिलं तर माणूस लिंग कसं बघणार. अय्यांनी तिला समोर बसवलं. मग म्हणले, "पोरी, मी लिंग हातावर ठेवतो. ज्याच्या हातावर ठेवलं त्याला ते कसं दिसतं, हे मला काय ठावं? घरात कुणी मनापास्नं रोजची पूजा करत असलं तर त्याला विचार."

मनापास्नं पूजा करणारं आमच्या घरात एकच माणूस. मी नव्हे. मी बसतो रोज, पण ते बसणं म्हंजे आपलं बसणं.

दुसऱ्या दिवशी रत्नव्वाची पूजा उरकायची वाट बघत शिवा तिच्यापुढं बसून ऱ्हायली. मी शेजारीच चहा पीत हुतो. प्रश्न ऐकून रत्नव्वा हसायलाच लागली.

"अगं, मी कुठं उघड्या डोळ्यांनी बघती? आधी जरा बघायचं, मग डोळं मिटायचं. मिटल्यावरच नीट दिसतं. उघड्या डोळ्यांनी बघतो त्यो तुझा अज्जा. म्हणून तर पूजेत त्याचं अर्धं ध्यान कारागिरांकडं असतं."

सून विद्याश्री चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसली. मग रत्नव्वा माझ्याकडं वळली आन् भाजी आणायला सांगावं तसं म्हणली, "माझं डोळं देऊन टाका. ऐकलं न्हवं? मला तिकडं त्यांचं काम न्हाय."

"गप बस," मी ओरडलो. "मोतीबिंदू काढलेलं डोळं कोण घेतंय तुझं?"

"चालत्यात की, अज्जा," शिवा म्हणली. "मोतीबिंदू आतला. हे घेत्यात तो वरचा पडदा, घड्याळाच्या काचेसारखा."

मी चहा तसाच टाकून उठलो. राग न्हवता त्यो. बायको स्वतःच्या मरणाचं बोलती हे मला ऐकवंना.

वैशाखात एक दिवस पूजा करून रत्नव्वा उठली. छातीत कळ येतीया, म्हणली, आन् न्हाणीच्या दारात बसली ती बसलीच. गल्लीतला डॉक्टर पळत आला आन् मान खाली घालून गेला. पोरगा शिरोलीच्या फौंड्रीचा माल घिऊन लांब गेलता, त्याला निरोप धाडला, पण यायला सांज हुणार हुती. घर माणसांनी भरलं. अंग ताठायच्या आत बसवायला पायजे म्हणून बायकांनी तिला भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं, मी तिच्या पायाशी बसलो. मला कोण आलं, कोण गेलं, काय कळत न्हवतं. वरनं पत्रा तापलेला, डोक्यावर पंखा गरगरत हुता.

आन् पंखा थांबला.

"लाईट गेली वाटतं," कोणतरी म्हणलं.

"लाईट न्हाय गेली. मी बंद केला."

शिवा बटणांना पाठ लावून उभी हुती. मी रत्नव्वाकडं बघितलं. तिच्या मिटलेल्या डोळ्यांवर ओला कापूस ठेवलेला. हे पोरीनं कवा केलं, कुणाला पत्ता न्हाय.

"वाऱ्यानं डोळं सुकत्यात," ती म्हणली. "अज्जीला डोळं द्यायचं हुतं. मी मॅडमना फोन केलाय. कोल्हापुरातनं डोळ्यांच्या दवाखान्याची माणसं निघाल्यात. पण मी लहान हाय, माझी सही चालत न्हाय. व्हय का न्हाय ते अज्जानं सांगायचं."

सगळं घर पेटलं. उकाड्यानं माणसं आधीच कावलेली. कोण म्हणतंय पोरीला बाहेर काढा, कोण म्हणतंय मोबाईलनं पोरं बिघडली. श्रीशैल माणसांतनं वाट काढत पुढं आला. "बाजूला हो, शिवा! घरात मयत झालंय, आन् तू कसली नाटकं लावलीस? डोळं न्हाईत तर वैनी लिंग बघणार कशानं?"

माझा प्रश्न. माझाच शब्द न् शब्द, माझ्याच आवाजात. मीच गावभर वाटत फिरलो हुतो त्यो.

"व्हय की," मागनं चारपाच जण म्हणले. "चन्नाप्पाच म्हणलेला."

शिवा त्याला चिक्कज्जा म्हणती, धाकटा आजा म्हणून. ती म्हणली, "चिक्कज्जा, ह्या प्रश्नाचं उत्तर अज्जी देऊन गेलीया. अज्जाच्या समोर दिलंय. अज्जाला विचार."

तिला स्वतःला सांगता आलं असतं. पाठ हुतं तिला. पण तिनं ते माझ्यासाठी ठेवलं. सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली, आन् माझ्या तोंडातनं शब्द फुटंना. मला भ्या वाटत हुतं. चुकलो तर? जन्मभर माझ्या संगं ऱ्हायलेली बाई, शेवटच्या बसण्यात मीच तिला आंधळी करून बसवली तर? मातीआड झाल्यावर चूक कुणाजवळ कबूल करायची? एक न्हाय म्हणलं असतं तर पंखा चालू झाला असता, भाऊ गप झाला असता, गावानंबी नाव ठेवलं नसतं.

पण रत्नव्वानं मला तोंडावर सांगितलं हुतं. आन् मी तिला काय म्हणलो? गप बस. ह्याच्यापलीकडं काय उत्तर दिलं न्हवतं मी तिला. आता ती गपच बसली हुती.

मी उठलो. कुठनं आवाज आला म्हाईत न्हाय, पण आला.

"श्रीशैल, प्रश्न माझा हुता आन् मला उत्तर मिळालंय. रत्नव्वा रोज मिटल्या डोळ्यांनी लिंग बघायची. आजबी तशीच बघंल. माझं डोळं द्या, म्हणून तिनं मला सांगितलंय. ह्या घरात लई वर्षं माझा शब्द चालला, आज तिचा चालणार. पोरीला कुणी हात लावायचा न्हाय. ज्याला उकडतंय त्यानं अंगणात जाऊन बसावं!"

शिवशरण अय्या दारात येऊन उभे हुते. ते एवढंच म्हणले, "क्रियेत काय अडत न्हाय. होऊ दे." निम्मी माणसं खरंच अंगणात गेली.

दवाखान्याचे डॉक्टर आले, संगं क्रांती मॅडम. मी सही केली. दार लोटून त्यांनी त्यांचं काम केलं, आत घरातली एकटी शिवा ऱ्हायली. बायका बाहेर कुजबुजत हुत्या, आता तोंड बघवणार न्हाय म्हणून. दार उघडलं तवा सगळ्यात आधी श्रीशैल आत गेला. लई वेळ वैनीच्या तोंडाकडं बघत उभा ऱ्हायला. कुठं खूण न्हाय, खड्डा न्हाय, पापण्या मिटलेल्या, जशी हुती तशीच बाई. त्यानं खाली वाकून तिच्या पायावर डोकं ठेवलं.

निघताना डॉक्टर म्हणले, "डोळे अगदी चांगले राहिलेत. दोघांना दिसू शकेल. ही तयारी केली कुणी?"

"माझ्या विद्यार्थिनीनं," क्रांती मॅडम म्हणल्या.

"माझ्या नातीनं," मी म्हणलो. तसल्या दुःखातबी मी ते मोठ्यानंच म्हणलो. का म्हणू नये?

मॅडम शिवाकडं बघत म्हणल्या, "आजोबा, मी नुसता धडा शिकवला. एवढं मी न्हाय शिकवलं."

शिवा अजून तिथंच हुती. बटणांना पाठ लावून, हाताच्या मुठी आवळून, घामानं भिजलेली. सगळं पार पडलं, डॉक्टरांची गाडी गल्लीतनं बाहेर गेली, तरी तिला तिथनं हल म्हणून कुणी सांगितलंच न्हवतं. सकाळपास्नं तिच्या डोळ्यातनं टिपूस आलं न्हवतं, हे मला तवा ध्यानात आलं. चौदा वर्षांची पोर. तिची अज्जी गेलती, आन् तिला रडायला सवड मिळाली न्हवती.

मी तिच्यापाशी गेलो.

"शिवा," म्हणलं, "झालं गं सगळं. आता रड."

तिनं माझ्याकडं बघितलं, आन् भिंतीवरनं घसरत खाली बसली. "अज्जी!" म्हणून तिनं असा हंबरडा फोडला, की अंगणातली माणसं उठून उभी ऱ्हायली. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो, तिला पोटाशी धरलं, आन् मीबी रडलो.