पाय धरणारा

अर्धं फाडलेलं तिकीट घामानं अंगठ्याला चिकटलं होतं, आणि ते सोडवावं की राहू द्यावं हेही कडूबाला ठरवता येत नव्हतं – पोलिसातल्या बारा वर्षांत तो पहिल्यांदाच हुकुमानं सिनेमाला आला होता. अंगात पांढरा बुशशर्ट, पायात साध्या चपला. साहेबांनी सकाळी सांगितलं होतं, "सरकारच्या विरोधातलं पिक्चर आहे. पोलिसाला मार पडतो तिथं कोण टाळ्या वाजवतो, तेवढं बघायचं. मला नावं पाहिजेत." जालन्यातला दुपारी बाराचा खेळ, निम्मी माणसं एमआयडीसीतून पाळी सुटून आलेली... अंधारात टाळ्यांना तोंड नसतं, हे साहेबांना कोण सांगणार?

पडद्यावर एक कारकून कानाला यंत्र लावून लोकांचं बोलणं ऐकत होता आणि वहीत उतरवत होता. कुणाचं भांडण, कुणाचं हसणं, कुणाची शिवी – सगळं. कडूबाला हसू आलं. आपल्याला कुठलं यंत्र! टपरीवर पेपर धरून बसलं की काम भागतं.

मग त्या वहीतल्या एका माणसाला पकडून आणलं. कोठडी. डोळ्यांवर फडकं. त्याला पालथा पाडला, आणि पडद्याच्या कडेला, नीट दिसणारही नाही असा एक शिपाई त्याचे पाय धरून बसला.

कडूबा खुर्चीत मागे सरकला. पडद्यावर पट्टा पडू लागला. तो पट्ट्याचा आवाज खोटा होता. खरा एवढा मोठा नसतो, तो ओल्या गोणीवर काठी पडावी तसा... मी मारलं नव्हतं. एकदाही नाही. मी फक्त धरलं होतं. सहा वर्षं झाली. रोलिंग मिलच्या संपात पत्रकं वाटली म्हणून फकरोद्दीन नावाच्या वेल्डरला ठाण्यात आणलं होतं, तीन दिवस, आणि त्याची बायको ताहेरा डबा घेऊन फाटकाबाहेर बसून असायची. तिसऱ्या दिवशी कळलं, पत्रकं याची नव्हतीच. नाव कुणी दिलं होतं?... ते राहू दे. मारणारा वेगळा आणि धरणारा वेगळा, एवढी एक समजूत कडूबानं तेव्हापासून मनाशी घट्ट बांधून ठेवली होती.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक माणूस उठला आणि उजवा पाय ओढत दाराकडे गेला. दार उघडलं, उजेडाची फट आत आली, आणि त्या फटीत कडूबाला दिसलं – तोच. फकरोद्दीन.

मधूनच उठून गेला, हेही कळवण्याजोगं होतं. म्हणूनच आपण मागे चाललोय, असं कडूबानं स्वतःला बजावलं.

बाहेर पाण्याच्या टाकीपाशी फकरोद्दीन तोंडावर पाणी मारत होता. तो वळला, त्यानं कडूबाकडे पाहिलं आणि हसला. ओळखीचं हसू नव्हतं ते. एकाच बसमधून उतरलेली परकी माणसं हसतात तसं.

"तुमच्यानं बी बघवलं न्हाई ना?"

कडूबानं मान हलवली.

"तुमचं कोणी आत गेल्तं का? का तुमीच?"

त्यानं पुन्हा मान हलवली – हो की नाही, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"मी गेल्तो. तीन दिवस." फकरोद्दीननं बाहीनं तोंड पुसलं. "डोळ्यावर पट्टी व्हती, कोणाचं तोंड न्हाई पाह्यलं. मारणारे तर आता याद बी न्हाईत. पर एक जण पाय धरून बसला व्हता. हळूच म्हणत राह्यला – झालं, झालं, आता झालं. लेकराला सुई टोचताना म्हणतात ना, बिलकुल तसं. तो आवाज कुठं बी ऐकला तर बराबर ओळखीन मी."

कडूबाच्या ओठांपर्यंत शब्द आला होता. त्यानं तो गिळला.

"मारणाऱ्याचा राग येतो अन् जातो. ह्याचं काय करावं तेच समजत न्हाई. त्याला दया आल्ती म्हणावं, तर मंग पाय का न्हाई सोडले त्यानं?"

आपण असं म्हणालो होतो, हे कडूबाला आठवत नव्हतं. पण म्हणालो असणार. बैलाच्या खुरातला खडा काढताना, कौसल्येच्या – बायकोच्या – टाचेतली काच काढताना मी हेच तर म्हणतो... तेव्हा धीर कुणाला देत होतो, याला की मलाच? बोललो तर हा ओळखणार. आणि नाही बोललो तर हा असाच, मला आपल्यातलाच समजून, पाणी देणार. त्यानं खरंच पेला भरून पुढे केला होता.

"घ्या. नाव काय तुमचं?"

मान हलवून भागणार नव्हतं. खोटं नाव चाललं असतं, रखमाजी म्हणालो असतो तरी... पण नाव बदललं तरी आवाज कुठून बदलणार?

"कडूबा," तो म्हणाला. आणि मग, कुणी विचारलं नसताना, जरा मोठ्यानं, "कडूबा म्हणतात मला."

फकरोद्दीनचा हात हवेत थांबला होता, की पाणी सांडू नये म्हणून त्यानं तो नुसता स्थिर धरला होता, ते कळत नव्हतं. तो बघत होता. फाटक चार पावलांवर होतं, त्याच्या पलीकडे रस्ता, ऊन, टेम्पोंची ये-जा... कडूबा हलला नाही. भीती होतीच. पण त्या भीतीच्याही खाली एक हावरी इच्छा उठली होती, जिची त्याला लाज वाटत होती आणि जी मागे सारता येत नव्हती – की यानं ओळखावं. आत्ताच. आणि नाहीच ओळखलं, तर याच्याशी आणखी काय बोलावं, हे तो मनातल्या मनात जुळवू लागला.