मावशींनी मुद्दाम खरवडलेला मणी

आमच्या लेसरच्या प्रयोगशाळेत मणी घासायचं काम मावशींकडे होतं. मणी म्हणजे मिरीच्या दाण्याएवढी पोकळ गोळी. आत इंधन भरायचं आणि चहूबाजूंनी लेसर मारून ती क्षणात चिरडायची, की पोटात इवलासा सूर्य पेटावा. मावशींनी घासलेल्या मण्यावर माशी बसली तर घसरून पडायची. एकीचा पाय मुरगळला, तिला मीच खिडकीबाहेर नेऊन सोडलं.

पण सूर्य काही पेटेना. चिरडताना मण्यावरची बारीकशी खाचही फुगत जायची, कवच फाडून इंधनात घुसायची आणि सगळं थंड व्हायचं. साहेबांनी कागद पुढे सरकवला.

"मावशी, घासण्यात कसूर राहिली, एवढ्यावर सही करा. नाहीतर सोमवारपासून येऊ नका."

"म्हणजे शुक्रवारपर्यंत माझं राज्य," मावशी म्हणाल्या.

त्यांनी एक मणी घेतला आणि त्याच्या पोटावर मुद्दाम बारा रेघा ओढल्या. त्यांच्या हातून चुकून राहील त्या खाचेच्या दहापट खोल. मग मणी साहेबांपुढे ठेवला.

"हा मारा. या रेघांनीही कवच फाटलं नाही, तर माझ्या खाचेनं फाटतं कसं, ते मला समजावून सांगा."

"खरवडलेला मणी कोणी मारतं का?"

"गुळगुळीत मारून काय दिवे लावलेत?"

लेसरवाले एकदम खोकायला लागले. साहेबांना नाही म्हणता येईना.

मारा झाला तेव्हा माझ्या शर्टाची बटणं वितळली, ते असू दे. मणी चिरडतानाचा एक्स-रेचा फोटो आला. पोटावरच्या बाराही रेघा फुगल्या होत्या, पण कवच तिथे शाबूत. फाटलं होतं वर, गळ्याशी. मणी मधोमध धरून ठेवणारा पातळ पापुद्रा जिथे त्याला चिकटतो, बरोबर तिथे गोल चीर. आणि पापुद्रा होता साहेबांच्या डोक्यातून निघालेला.

"फोटो अस्पष्ट आहे," साहेब म्हणाले.

"चष्मा पुसून बघा."

त्यांनी पुसला. चीर तिथेच होती. मावशींनी कागदावरचं 'घासण्यात' खोडलं, वर 'पापुद्र्यात' लिहिलं आणि पेन साहेबांच्या हातात दिलं.

"सही तुमची."

साहेबांनी सही केली. "पण मग मणी धरायचा कशानं?"

"ते तुम्ही शोधा," मावशी म्हणाल्या, "आणि जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय." त्यांनी पुढचा मणी घासायला घेतला होता.