अर्ध्या माणसाचं सुतक

माझा साखरपुडा दोनदा पुढे ढकलला गेला आणि दोन्ही वेळा कोणीतरी मेलं म्हणून. पहिल्यांदा दर्शनाची काकी गेली. दुसऱ्यांदा आमच्या भावकीतला एक चुलत चुलता गेला, ज्याने उभ्या आयुष्यात मला कधी नावाने हाक मारली नव्हती. तेव्हा खालापूरकडच्या माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी फोन केला. "नवीनराव, या रविवारी काय पण होऊ दे, साखरपुडा झाला पायजे. या बारीला राहिला तर आमी दुसरीकडं बघू." इतक्या गोड आवाजात बोलले, की ही धमकी आहे हे मला फोन ठेवल्यावर समजलं.

म्हणून तो सगळा आठवडा मी भावकीतल्या म्हाताऱ्यांच्या प्रकृतीची काळजी वाहत होतो. साजगावला कारखान्यातून सुटलो की पळसदरीला घरी जाण्याआधी एकेकाच्या ओटीवर डोकावायचो. सगळे जेवत होते, खोकत होते, बांधावरून भांडत होते. दर्शना मला मनापासून आवडली होती आणि माझं लग्न या लोकांच्या फुप्फुसांवर अवलंबून होतं. शुक्रवार उजाडला तेव्हा मला वाटलं, जमलं.

त्याच सकाळी माझ्या बहिणीच्या बॅगेतून माणूस निघाला.

नम्रता फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. साखरपुड्यासाठी ती हॉस्टेलवरून दोन बॅगा घेऊन आली होती. बायजाआत्याने धुण्याचे कपडे काढायला म्हणून चुकीच्या बॅगेची चेन ओढली आणि तिच्या हातात आलं मांडीचं हाड. खरंखुरं, पिवळट, त्यावर लाल-निळ्या पेनाच्या रेघा. आत्या ओरडली नाही. ओरडल्या त्या आमच्याकडे चहा प्यायला बसलेल्या शेजारच्या विमलबाई. नुसत्या ओरडल्या असत्या तरी चाललं असतं, पण त्यांनी आधी फोटो काढला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला. ओरडल्या त्यानंतर.

दुपारपर्यंत आमची ओटी भरली. मधोमध धाकलूकाका. सुतक कोणाला लागतं, किती दिवस लागतं, कोणाला नुसत्या आंघोळीवर सुटका मिळते, हे आमच्या भावकीत तेच ठरवतात. जवळच्याचं दहा दिवस, लांबच्याचं तीन, त्याहून लांबच्याचं स्नान. आमचे बाबा त्यांच्यासमोर मान हलवण्यापलीकडे काही करत नाहीत. ते त्यांनी लगेच सुरू केलं.

"नातं सांग," काका नम्रताला म्हणाले. "नातं कळल्याबिगर दिवस ठरत नाय."

"काका, देहदान केलेला माणूस आहे. नाव कोणालाच माहीत नसतं. सीनियरनं मला अभ्यासाला दिलाय. सोमवारी तोंडी परीक्षा आहे."

"पुरा माणूस हाय?"

"नाही, हाफ सेट. एका बाजूचीच हाडं. उरलेली माझ्या मैत्रिणीकडे आहेत, पनवेलला."

काकांनी डोळे मिटून विचार केला. "मंग सुतकबी अर्धं. पाच दिवस."

शुक्रवारपासून पाच दिवस म्हणजे मंगळवार. आणि साखरपुडा रविवारी. काकांनाही आपला निकाल जरा मोघम वाटला असावा, कारण ते म्हणाले, "सगळी हाडं काय सारखी नसतील. भारी कंची, हलकी कंची?"

इथे नम्रताने चूक केली. तिला वाटलं, शास्त्र समजावून सांगितलं की माणसं शहाणी होतात. तिने ओटीवर चादर अंथरली आणि हाडं मांडली. "ही लांब हाडं, दंडाचं, नडगीचं. ही आखूड, मनगटातली. ही चपटी, खांद्याचा फरा, बरगड्या. हे मणके, यांना धड आकार नाही म्हणून अनियमित. आणि ही गुडघ्याची वाटी, ही स्नायूच्या दोरीतच वाढते."

"म्हंजे घरजावई," काका म्हणाले. "घरजावयाचं काय नाय धरायचं. वाटी बाजूला ठेव."

बघता बघता काकांनी एकेका प्रकाराला दिवस लावून टाकले. लांब हाडाला दहा, आखुडाला तीन, चपट्याला आंघोळ. मणक्यांचं काय ते मागून बघू. एव्हाना सगळी भावकी स्वतःची हाडं चाचपत होती. विमलबाईंनी पदराआड हात घालून बरगड्या मोजायला घेतल्या. नम्रताने एक कापलेलं हाड फिरवलं. वरून टणक आणि आत जाळीच जाळी. "घावण्यावानी दिसतंय गं," असं म्हणून विमलबाईंनी ते पुढे दिलं. मघाशी याच बाई किंचाळल्या होत्या.

काकांनी स्वतःच्या गळ्याखालचं हाड धरलं. "हे कशात बसतं?"

"लांब हाडांत."

"एवढंसं?"

"लांब म्हणजे मापानं नाही काका, घडणीनं. बोटांची हाडंसुद्धा लांबच."

काकांनी चादरीवरच्या बोटांच्या बारक्या हाडांकडे पाहिलं. हाताची इतकी, पायाची इतकी, प्रत्येकाला दहा दिवस. मनातल्या मनात हिशेब करताना त्यांचे ओठ हलत होते. "बाबौ," ते शेवटी म्हणाले, "हे तर पुढल्या गणपतीलाबी सुटत नाय."

एवढ्यात सासऱ्यांचा फोन आला. फोटो खालापूरला पोचला होता. "परत सुतक का हो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, नाही, अभ्यास चाललाय. ते म्हणाले, "रविवारी बगतो," आणि फोन ठेवला.

"एकच उपाय हाय," काका म्हणाले. "आपल्या धरणात सोडा, आंघोळी करा, मोकळे व्हा."

खोटं कशाला बोलू, मला धरण पटलं. मी उठलोसुद्धा. पण नम्रता चादरीवर आडवी पडली. "दादा, हाडं परत केली नाहीत तर मला पुढं कोण काही देणार नाही. सोमवारी नापास झाले तर वर्ष जाईल," म्हणून रडायला लागली. मला तिची कीवही येत होती आणि तिच्या कानाखाली दोन द्याव्यात असंही वाटत होतं.

बायजाआत्या इतका वेळ दारात बसून होती. मांडीचं हाड सकाळपासून तिच्याच हातात होतं, तिने ते खाली ठेवलंच नव्हतं.

"धाकल्या," ती म्हणाली. काकांना अशी हाक मारणारं गावात दुसरं कोणी उरलेलं नाही. "मी ह्या भावकीतली हाय का नाय?"

काका चपापले. आत्या लग्न होऊन गेली, वर्षभरात विधवा होऊन परत आली. आमची आई गेल्यावर आम्हा दोघांना तिनेच वाढवलं. पण कुळदेवीचा नैवेद्य असो की जत्रेचा मान, काका दरवेळी हटकतात, बायजा परघरची, तिचं गोत्र वेगळं. हे ऐकून ती मुकाट्याने मागल्या पडवीत जाते. मला त्याचा नेहमी राग येतो आणि मी नेहमी गप्प बसतो.

"आता तो विषय कशाला?" काका म्हणाले.

"सांग ना रं. चार मानसांत सांग."

"नाय. लेक दिली की ती तिकडची."

"मंग मी धरलेलं सुतक ह्या घराला लागतं का?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. मदतीला कोणी आलं नाही. "नाय लागत."

"झालं तर. हा मानूस माझा पावना. मी धरते. दहा दिस पडवीत बसते, माझी चूल वेगळी."

"अगं, पन तो तुझा लागतो कोन?"

"मी तरी तुमची कोन लागते? तरी ऱ्हायलेच ना इतं."

काकांनी "बरं" म्हणून चहा मागितला आणि भावकी उठली. नम्रता हाडं उचलून पडवीत गेली. मी इतका खूश झालो, की दर्शनाला फोन लावून ही सगळी हकीकत हसत हसत सांगितली. ती हसली नाही. "म्हणजे आत्या रविवारी येणार नाहीत?" तिने विचारलं.

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. साखरपुड्याची साडी आत्याने कर्जतला चार दुकानं पालथी घालून निवडली होती. दर्शनाची ओटी तीच भरणार होती, म्हणून दोन्ही वेळा तिने ती साडी बॅगेत भरली आणि दोन्ही वेळा काढून ठेवली. मी पडवीत गेलो. "आत्या, मी परत ढकलतो. सासरे गेले खड्ड्यात."

"खबरदार," ती म्हणाली. "ढकललास तर उरलेली अर्धी हाडं तुझी काडून देईन नम्रताला."

रविवारी आम्ही गेलो. साखरपुडा झाला. ओटी विमलबाईंनी भरली आणि त्याचाही फोटो ग्रुपवर टाकला. दर्शना त्या साडीत फार छान दिसत होती. सगळे हसत होते आणि मला सारखं रडू येत होतं.

उन्हं कलायच्या आत घरी आलो. आत्या पडवीत चादरीसमोर बसली होती. सगळी हाडं तिने पुसून जागच्या जागी मांडली होती, डोक्यापासून पायापर्यंत, निम्मा माणूस. घरजावई वाटीसुद्धा गुडघ्यावर होती. मी वाकलो तसे तिने पाय आखडून घेतले. "सुतकात पाया पडत नाय रं. पेढे तितंच ठेव."

मी ठेवले आणि लांब बसलो.

"बरा मानूस असंल हा," ती म्हणाली. "मेल्यावर पोरींच्या कामी आला. नवीन, मी गेले की मला पन तिकडंच दे."

"काहीतरी बोलू नकोस." मी म्हणालो. "आणि तुझं सुतक मी पाळणार. दहाच्या दहा दिवस. धाकलूकाकाला काय बोलायचं ते बोलू दे."

"तू कशाला?" ती म्हणाली. "तुज्या घरात तवा पोरांची कार्यं निघतील. मला बॅगेत घालून जी पोरगी घरी नेईल, तिच्या घरात असंल एकादी आत्या. ती धरंल."