दोन किल्ल्यांचा लॅपटॉप

कुलूपवाल्यांच्या घरात नवी वस्तू आली की आधी एकच गोष्ट बघितली जाते, हिला कुलूप आहे का. सूनबाईने खोक्यातून लॅपटॉप काढला आणि त्याच्यावरचं पातळ प्लास्टिक सोललं, तोवर तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, तो हातातून काढून घेऊन उलटासुलटा करून पाहिलासुद्धा. कडी नाही, कोयंडा नाही. कडेला भोकं होती, पण किल्ली जाईल असं एकही नव्हतं.

"दिखाऊ माल आहे," अण्णांनी निकाल दिला.

"अण्णा, त्याला पासवर्ड असतो."

"असतो ना? मग आधी सांगायचं." त्यांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला, पण या वेळी जरा आदराने.

सूनबाईला त्या दिवशी आदराची नव्हे, घाईची गरज होती. लग्नाआधी ती एका कचेरीत डॉक्टरांचे तोंडी अहवाल ऐकून टाइप करायची. हात असा चालायचा की डॉक्टर खोकले तर तेवढ्यात तिचं मागचं वाक्य तपासून व्हायचं. मुलगी झाली, काम सुटलं. आता मुलगी शाळेत जायला लागली होती आणि जुन्या कचेरीतल्या बाईंनी निरोप धाडला होता : घरून काम देते, चार वाजता लॅपटॉपवर समोर ये, बोलू. जागा एकच होती आणि बाईंना वाट बघायची सवय नव्हती. सूनबाईने हे घरात सगळ्यांना नीट सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. या घरात मान डोलावणं म्हणजे ऐकल्याची पोच, समजल्याची नव्हे.

दुकान पुढे, घर मागे. दुकान अण्णा आणि त्यांची थोरली बहीण मिळून चालवत. बहिणीला सगळे आत्या म्हणत, फक्त अण्णा आक्का म्हणत. भागीदारीत अण्णांनी तोंड घातलं होतं आणि आत्यांनी हात. गिऱ्हाइकाला तासभर बोलण्यात अण्णा गुंतवायचे आणि तेवढ्या वेळात आत्या कुलूप उघडून, तेल देऊन, परत लावून मोकळ्या व्हायच्या. श्रेय कोणाच्या खात्यात जमा व्हायचं, हे सांगायला नको.

त्यांच्या वडिलांनी मरण्यापूर्वी दुकानासाठी एक तिजोरी केली होती, तिला दोन किल्ल्या. एक अण्णांच्या खिशात, एक आत्यांच्या कमरेला. दोन्ही एकदम लावल्याशिवाय ती उघडत नसे. वडील म्हणे दोघांवर सारखंच प्रेम करायचे. अविश्वासही सारखाच वाटून ठेवला होता. तेव्हापासून घराचा नियम पडला : महत्त्वाचं कुलूप एका माणसाच्या हाती द्यायचं नाही.

सूनबाईने चार्जरची पिन लावली, बोर्डाचं बटण दाबलं, लॅपटॉप सुरू झाला. भाषा विचारली, देश विचारला, नाव विचारलं. तिने पटापट उत्तरं दिली. मग त्याने पासवर्ड मागितला आणि अण्णांनी तिचा हात अलगद बाजूला केला.

"थांब. आक्का! ए आक्का, आत ये. कुलूप ठरवायचंय."

आत्या हातातली कानस घेऊनच आल्या. "कसलं कुलूप?"

"याचं. अर्धं मी घालतो, अर्धं तू घाल."

"अण्णा, हा माझा आहे," सूनबाई म्हणाली.

"अगं तुझाच आहे! तिजोरी दुकानाची आहे, म्हणून किल्ल्या काय दुकान खिशात घालून फिरतं?"

याला उत्तर असतं, पण ते सुचायला निवांत वेळ लागतो. दोन वाजून गेले होते. सूनबाईने मनात म्हटलं, आता घालू दे, बाई भेटून गेल्या की मी बदलेन. शहाणी माणसं अशीच अडकतात.

अण्णांनी दोघींना भिंतीकडे तोंड करायला लावलं. कुलूपवाल्याचा हा धर्मच. दुकानातही गिऱ्हाईक आकडी कुलपाचे आकडे लावायला लागलं की हे दोघं बहीणभाऊ पाठ फिरवून उभे राहत. मग एका बोटाने, शेवग्याच्या झाडावर काठी मारावी तशी, अण्णांनी आपली बाजू ठोकली. नंतर आत्यांनी आपली. लॅपटॉप म्हणाला, पुन्हा एकदा लिहा.

"याला ऐकू कमी येतं का?" अण्णा म्हणाले. पुन्हा भिंत, पुन्हा ठोकाठोक. लॅपटॉपने सांगितलं, दोन्ही जुळत नाहीत.

"आक्का, तू चुकलीस."

"मी? मी आयुष्यात चावी चुकले नाही. तूच बोट जड मारलंस, एकाच्या जागी दोन उमटले असतील."

"माझं बोट जड? दवाखान्याचं कपाट कोणी उघडलं होतं?"

"मी."

अण्णांनी विषय तिथेच मिटवला. तिसऱ्या फेरीला जमलं. सूनबाई भिंतीकडे बघूनबघून तिथल्या पोपड्यांची ओळख झाल्यासारखी उभी होती. लॅपटॉप उघडला आणि लगेच म्हणाला, नव्या गोष्टी भरून घेतोय, मला बंद करू नका.

"बघा, कोणी हात लावू नका," सूनबाईने बजावलं. "बॅटरी रिकामी आलीय, चार्जिंगला राहू दे. मी छोटीला शाळेतून घेऊन येते."

ती गेली. आत्या हत्यारांची पिशवी घेऊन एका गोदामाचं शटर उघडायला गेल्या. घरात अण्णा राहिले, आणि त्यांची एक सवय.

ही सवय दुकानातली. धार लावायच्या चाकातून एकदा धूर आला, तेव्हापासून अण्णा खोलीतून बाहेर पडताना बोर्डाचं बटण बंद करत. विचार करून नव्हे. चपलेत पाय जावा तसा त्यांचा हात बटणावर जायचा. घरातल्या पाहुण्यांना पंखा बंद झाल्यावर कळायचं की अण्णा उठले. तर अण्णा चहा टाकायला उठले आणि जाताजाता बटण खाली केलं. लॅपटॉप बिचारा पोटातलं होतं तेवढ्यावर नव्या गोष्टी भरत राहिला, आणि मग मिटला.

साडेतीनला सूनबाई परतली, तर पडदा काळा.

"हात लावलात?"

"शपथेवर सांगतो, बोट लावलं नाही." हे खरंच होतं. अण्णा खोटं कधी बोलत नसत, पण त्यांचं खरं नेहमी निम्म्याच मापाचं असायचं.

सूनबाईची नजर बोर्डावर गेली, मग अण्णांवर आली. अण्णा चहाच्या कपात बघायला लागले. तिने बटण दाबलं, लॅपटॉप सुरू केला. बराच वेळ गोल गोल फिरून त्याने शेवटी पासवर्ड मागितला.

"घाला तुमचा अर्धा," ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला दुसरा अर्धा आठवला. "आत्या कुठायत?"

आत्या शहराच्या दुसऱ्या टोकाला शटरखाली आडव्या होत्या. फोन उचलला, पण आवाज डब्यातून यावा तसा. सूनबाईने चार वाक्यांत सगळं सांगितलं.

"फोनवर किल्ली?" आत्या म्हणाल्या. "काय बोलतेस! इथं गोदामवाला शेजारी उभा आहे."

"त्याला काय करायचंय आपल्या लॅपटॉपचं?"

"तुला माहीत नाही पोरी, यांचे कान. मी येते. शटर झालंच."

अण्णांनी फोन ओढून घेतला. "आक्का, अगं अर्धीच तर आहे, सांगून टाक!"

"तुझ्यासमोर तर मुळीच नाही," आत्या म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

अण्णा खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसले. आजवर गावातलं एकही कुलूप आपल्यापुढे टिकलेलं नाही, असं ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले होते. त्यांनी कान लावला. कडेवरून नख फिरवलं. उलटा करून पाठीचे स्क्रू पाहिले आणि त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेचकसाकडे गेला.

"अण्णा, तो पेचकस माझ्याकडे द्या."

"नुसतं बघतोय."

"द्या."

पेचकस सूनबाईच्या मुठीत गेला. अण्णा म्हणाले, "बरं, डोक्याने उघडतो. आक्काला मी जन्मापासून ओळखतो. तिच्या मनात काय असतं ते मला पाठ आहे."

त्यांनी आपला अर्धा ठोकला आणि पुढे वडिलांचं नाव घातलं. नाही. आत्यांच्या लाडक्या मांजरीचं घातलं. नाही. "मग स्वतःचंच नाव असेल, आक्का तशी स्वतःवर खूश असते." तेही नाही. मग गालातल्या गालात हसून त्यांनी स्वतःचं नाव घातलं. सूनबाई पाठमोरी होती, तरी तिला कळलं, कारण नाव ठोकताना बोट जरा हळुवार पडत होतं. तेही नाही. अण्णांचा चेहरा पडला. लॅपटॉप म्हणाला, फार चुका झाल्या, थोड्या वेळाने या.

"उद्धट आहे," अण्णा पुटपुटले.

पलंगाच्या कडेवर बसून सूनबाईने मुलीचा शाळेचा डबा उघडला, मिटला, परत उघडला. तिला ओरडता आलं असतं. पण घरातली सून ओरडली की तेवढं ओरडणंच लक्षात राहतं आणि कारण कोणाच्या खाती लागत नाही, हा हिशोब तिला पक्का ठाऊक होता. ती एवढंच म्हणाली, "अण्णा, तुमच्या दुकानाची किल्ली माझ्या आईकडे दिली आणि रोज उघडायला तिला बोलवायचं म्हटलं, तर?"

अण्णा बोर्डापाशी गेले, बटण चालू आहे ना पाहिलं, आणि तिथेच पहाऱ्याला उभे राहिले.

चार वाजायच्या सुमाराला आत्या धापा टाकत आल्या. केसांत गंज, हातांना ग्रीस. "पुसू दे," म्हणेपर्यंत सूनबाईने ओला टॉवेल पुढे केला. अण्णांनी आपला अर्धा घातला, सगळे भिंतीकडे वळले, आत्यांनी आपला घातला. उघडलं. सूनबाईने केस मागे सारले, पदर सावरला, आणि पडद्यावर कचेरीतल्या बाई आल्या. नाकावर चष्मा, चष्म्यावरून नजर.

"आलीस. अजून तशीच टाइप करतेस ना?"

"त्याहून जलद. घरात लवकर आवरायची सवय लागली."

बाई हसल्या. मग काम सांगितलं, वेळा सांगितल्या, आणि शेवटी सरळ विचारलं, "हे रोग्यांचे कागद आहेत. बाहेर एक अक्षर जाता कामा नये. तुझा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?"

सूनबाई खोटं बोलू शकली असती. पण मागे दोघं उभे होते आणि पडद्याच्या कोपऱ्यात दोघांच्याही नाकाचे शेंडे दिसत होते. "अख्खा असा कोणालाच नाही," ती म्हणाली. "अर्धा सासऱ्यांना, अर्धा आत्यांना."

"आणि तुला?"

"मला नाही."

बाईंनी चष्मा काढला. "काम तुझं, यंत्र तुझं, आणि उघडायला दोन माणसं बोलवायची? हे चालायचं नाही. आत्ता माझ्यासमोर बदलून दाखवतेस, की मी दुसऱ्या कोणाला विचारू?"

अण्णा पुढे वाकले. "त्याचं काय आहे बाई, आमच्या वडिलांचा नियम..."

"अण्णा," आत्या म्हणाल्या. आवाज दुकानातला होता, घरातला नव्हता. "इथे गिऱ्हाईक कोण आहे?"

अण्णा थांबले.

"कुलूप आपण बसवलं. बसवून झालं की किल्ली कोणाला देतो? एक तरी स्वतःपाशी ठेवली आहेस का कधी?"

ही एक गोष्ट अण्णांना गप्प करू शकत होती, कारण ही खरोखरच त्यांनी कधी केली नव्हती. त्यांनी पडद्यावरच्या बाईंकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि जुना अर्धा शेवटचा ठोकला. आत्यांनी आपला. मग नवा पासवर्ड मागणारी रिकामी चौकट आली. अण्णा काही न बोलता भिंतीकडे वळले. त्यांच्या शेजारी आत्या वळल्या.

सूनबाईची बोटं चालायला लागली, पाऊस पत्र्यावर पडावा तशी. अण्णांची मान किंचित कलली. कुलपाच्या आतल्या दांड्या ऐकणारा कान तो, मालक पाठमोरा असला तरी तो काम सोडत नाही.

आत्यांनी कोपर मारलं. "मोजू नकोस."

"मी कुठे मोजतोय? लांब आहे, एवढंच म्हटलं."

सूनबाईने ऐकलं. तिने चार अक्षरं उगाच जास्त मारली आणि चारही खोडली. अण्णांच्या कपाळाला आठी पडली. हिशोब चुकला होता.

"झालं," सूनबाई म्हणाली. पडद्यावर बाईंनी मान डोलावली. ही समजल्याची होती. "सोमवारी पहिले अहवाल पाठवते," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

आत्या हत्यारांची पिशवी उचलून दुकानात गेल्या. जाताना सुनेच्या पाठीवर एक थाप मारून गेल्या, ग्रीसचा पंजा उमटला. अण्णा जरा वेळ घुटमळले. "चहा टाकू का तुला?" त्यांनी विचारलं.

"टाका."

ते निघाले. दारापाशी त्यांचा हात आपला उठला, बोर्डाकडे गेला.

"अण्णा," सूनबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "बटण."

अण्णांनी हात मागे घेतला आणि, तो भलतीकडे जाऊ नये म्हणून, खिशात घातला.